समोरून उजेड हवा

२ डिसेंबर, मंगळवार

आले एकदाची. ठाकुर्ली पूर्व, दुसरा मजला, एक खोली, स्वयंपाकघर आणि स्वतःचं दार. ह्या शेवटच्या गोष्टीचं अप्रूप ज्याला कळेल त्यालाच कळेल. ठाण्याला दादाच्या घरात आम्ही पाच माणसं आणि आतून लावता येईल असं दार एकच, तेही मोरीचं. आज मी माझं दार उगाचच दोन-तीनदा लावून उघडून पाहिलं.

घरमालक विनीत परदेशात असतात, म्हणून किल्ली समोरच्या रसिकाकडून घेतली. ती माझ्याच वयाची, बँकेत नोकरी, मूळची सावंतवाडीकडची. तिने चहा पाजला, पाण्याची वेळ सांगितली, वरच्या मजल्यावर लाद्या बदलायचं काम चालू आहे तेव्हा धूळ खाऊन राहावं लागेल हेही सांगितलं. घर पाच वर्षं बंद होतं म्हणाली. का, ते मी विचारलं नाही. परवडणारं घर मिळालं की फार चौकश्या करू नयेत, असं माझं स्पष्ट मत आहे.

सामान म्हणजे एक खाट, एक वेताची खुर्ची आणि उत्तरेच्या भिंतीला ठोकून बसवलेलं टेबल. इंटरनेटची वायर तिथेच निघते, म्हणजे माझी शाळाही तिथेच. उत्तरेकडे तोंड करून अभ्यास करावा म्हणतात, तर शिकवायलाही चालत असेल.

शाळा म्हणजे अमेरिकेतल्या मराठी पोरांना ऑनलाइन बाराखडी शिकवायची. सकाळी सहाला, तेव्हा त्यांची संध्याकाळ असते. सध्या महिनाभर चाचणी. पक्की झाले की आईला इथे आणायची. तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ह्याच महिन्यात आहे आणि त्या घरात तिला डोळे मिटून पडायलाही कोपरा नाही. मी निघताना म्हणाली, डोळा उघडला की पहिलं तुझं घर बघणार, मग बाकीचं जग. एवढं एक झालं की मला ह्या वर्षाकडून काही नको.

४ डिसेंबर, गुरुवार

दर्शना मॅडमचा निरोप आला. मॅडम म्हणजे आमच्या ऑनलाइन शाळेच्या मुख्य, पुण्याच्या, अतिशय गोड शब्दांत टोचणाऱ्या. म्हणे, शिकवता छान, पण दिसत नाही. रेवा नावाची माझी एक विद्यार्थिनी आहे, तिच्या वडिलांनी लिहिलंय की बाईंचा आवाज येतो आणि बाईंच्या जागी एक काळा गोळा हलतो.

खोटं नाही. मी स्वतः पाहिलं. लॅपटॉप दादाच्या ऑफिसने मोडीत काढलेला. त्याच्या कपाळावरचा कॅमेरा खसखशीच्या दाण्याएवढा, तो बिचारा काय काय बघणार. बाहेरून जोडायचा कॅमेरा नोकरी पक्की झाल्यावरच घ्यायचा असं ठरवलंय. तोवर आहे त्याच कॅमेऱ्याकडून काम काढून घ्यायचं.

मॅडमनी उपाय पाठवलेत. कॅमेऱ्याची काच पुसा. लॅपटॉप डोळ्यांच्या उंचीवर आणा. खिडकी पाठीमागे नको. आणि मुख्य म्हणजे उजेड समोरून हवा. मी चष्म्याच्या फडक्याने काच पुसली, तर फडक्यावर तेलकट डाग आला. लॅपटॉप दोन पिठाच्या डब्यांवर चढवला. मागच्या खिडकीवर चादर टांगली. काळा गोळा आता करडा झालाय. प्रगती आहे.

६ डिसेंबर, शनिवार

दादा-वहिनी पहाटेच दादरला चैत्यभूमीवर गेले. मी घरीच मेणबत्ती लावली, वंदना म्हटली. आईला फोन केला तर ती म्हणाली, तुझ्या मेणबत्तीचा उजेड मला इथनं दिसतोय. डोळ्यांत मोतीबिंदू आणि बोलणं असं.

दुपारी डोंबिवलीच्या फडके रोडवरून टेबलावरचा दिवा आणला, वाकवता येणारा. लॅपटॉपच्या मागे ठेवला, तोंड माझ्याकडे. कुठेतरी वाचलं होतं की चेहऱ्याखाली पांढरं काही पसरलं तर उजेड खालूनही उसळतो आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं जातात. म्हणून टेबलावर पांढरा कार्डशीट पसरला. हौसेला मोल नाही.

एकच घोळ झाला. दिवा लावला आणि बोर्डावरचं बटण आतच अडकून बसलं. प्लग ओढायला गेले तर ठिणगी उडाली. इलेक्ट्रिशियनला फोन केला, तो म्हणाला, ताई, हात लावू नका, पुढच्या आठवड्यात येतो, दिवाच आहे ना, जळू दे की. तर जळतोय. रात्रीही. खोलीत कुणीतरी जागं असल्यासारखं वाटतं, एकटीला बरंच आहे.

८ डिसेंबर, सोमवार

आज वर्ग दृष्ट लागण्यासारखा झाला. माझे केस सुटे दिसतात, कानातलं दिसतं, फळ्यावरची अक्षरं दिसतात. रेवाचे वडील मुद्दाम पडद्यासमोर येऊन बरं वाटलं म्हणून गेले.

वर्ग संपताना रेवाने विचारलं, तुमच्या मागे बसल्यात त्या आजी पण मराठी शिकतात का. मी मागे पाहिलं. खाट आणि खुंटीला टांगलेली ओढणी. ओढणीची सावली पडली असणार. मी तिला सांगितलं की ती आजी फार ढ आहे, तिला अजून ‘ळ’ म्हणता येत नाही. पोरं खूप हसली.

ओढणी काढून ठेवली.

९ डिसेंबर, मंगळवार

वरच्यांच्या लाद्या कापण्याने सगळ्या घरावर पांढरी भुकटी बसते. सकाळी कार्डशीटवर पिठासारखा थर होता आणि त्यात एक हात उमटला होता. चार बोटं आणि तळहाताची टाच. कुणीतरी टेबलावर रेलून लॅपटॉपच्या जवळ तोंड नेलं की पडेल तसा.

माझाच असणार, झोपेत उठले असेन. ताडून पाहिलं. माझी बोटं त्या ठशाबाहेर गेली.

फडक्याने पुसलं. वर्ग चांगला झाला. आज ओढणी तिथे नव्हती, तरी रेवाने वर्ग संपल्यावर दोनदा टाटा केला. दुसरा माझ्या खांद्यावरून मागे होता.

११ डिसेंबर, गुरुवार

मॅडमनी नवी सोय सांगितली. प्रोग्राममध्ये एक बटण असतं, ते दाबलं की प्रोग्राम माणूस ओळखतो, माणसाला स्वच्छ ठेवतो आणि मागचं सगळं धूसर करतो. म्हणजे खाट, खुंटी, चादर काही दिसायला नको. वर्गाच्या आधी एकटीनेच करून पाहिलं.

त्याने मला धूसर केलं.

माझा चेहरा गढूळ पाण्यात गेल्यासारखा झाला आणि माझ्या मागे, खाटेच्या कडेला, एक तुकडा लख्ख राहिला. पांढरे केस, चष्म्याच्या काचेवर माझ्याच दिव्याचा ठिपका, खांद्यावरून पुढे ओढलेला पदर. मी वळले. भिंत. परत पडद्यावर पाहिलं, तर ती थोडी पुढे वाकली होती, बहिऱ्या माणसाला ऐकायचं असलं की वाकतो तशी.

बटण बंद केलं. वर्ग घेतला. पोरांना ‘भ’ शिकवायचा होता, मी ‘म’ घेतला. मला भीती वाटली हे इथे लिहून ठेवते, कारण दुसऱ्या कुणाला सांगणार नाही.

१२ डिसेंबर, शुक्रवार

सांगितलं. रसिकाला. मग तिने मला सगळं सांगितलं.

इथे विनीतची आई राहायची, गोदाकाकू. एकट्याच. लॉकडाऊनमध्ये मुलगा रोज सकाळी ह्याच टेबलावर लॅपटॉपवरून बोलायचा. चित्र नीट यायचं नाही. तो म्हणायचा, आई, दिसत नाहीस, पुढे ये. त्या पुढे सरकायच्या, काचेवरून बोट फिरवायच्या. रसिकाला दारातून रोज त्यांचा एकच प्रश्न ऐकू यायचा, “आता दिसतेय का रे?” मग ताप आला. एका सकाळी त्या खुर्चीतच गेलेल्या सापडल्या, लॅपटॉप चालूच होता. गाडी आली, गुंडाळून घेऊन गेली. मुलगा येऊ शकला नाही, शेजाऱ्यांना कुणी खाली उतरू दिलं नाही. दिवा नाही, दहावं नाही, काही नाही. दाराला कुलूप.

मग ती माझं टेबल बघायला आली आणि उंबऱ्यातच थांबली. दिव्याकडे, खालच्या पांढऱ्या कागदाकडे, त्यावरच्या भुकटीकडे बघत राहिली. म्हणाली, तिच्या गावाकडे कुणी वारलं की जीव गेला त्या जागी दिवा ठेवतात, दहा दिवस विझू देत नाहीत. त्याचं तोंड दक्षिणेला, एरवी कुणी तसा लावत नाही. आणि खाली पीठ पसरतात. सकाळी पिठात काय उमटलं ते बघतात, माणूस कुठल्या जन्माला गेला ते कळतं म्हणे.

“अगं, तू काकूंचे दिवस घालतेयस,” ती म्हणाली. हसायला गेली, पण जमलं नाही. मग कुकर लावायचाय म्हणून निघून गेली.

आमच्या घरात हे मानत नाहीत. आमच्याकडे माणूस गेलं की पुण्यानुमोदन करतात, त्याच्याबद्दल दोन चांगले शब्द बोलतात आणि जेवायला घालतात. पिठात पाय शोधत नाहीत. मीही मानत नाही. तरी हाताला कोरडी ओढणी गुंडाळून प्लग उपटला, ठिणगी उडाली तर उडाली. कागद गुंडाळून माळ्यावर टाकला.

१५ डिसेंबर, सोमवार

दिव्याशिवाय वर्ग. परत काळा गोळा. छताचा दिवा डोक्यावरून पडतो, त्याने डोळ्यांच्या जागी खड्डे दिसतात. मोबाइलचा टॉर्च लावला, तर नुसतं नाक चमकलं. रेवा रडकुंडीला आली, बाई दिसत नाहीत म्हणाली. आजीपण नाहीत, म्हणाली.

दुपारी मॅडमचा निरोप. गुरुवारी त्या स्वतः वर्ग बघायला बसणार, त्यावरच निर्णय. चित्र असंच असेल तर नाइलाज आहे.

उद्या आईचं ऑपरेशन. दादाने विचारलं, नंतर तुझ्याकडे आणायचं ना, वहिनीने सामान बांधून ठेवलंय. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

दिव्याचं तोंड दुसरीकडे करता येईल का ते तासभर बघितलं. टेबल भिंतीला ठोकलेलं, वायर तेवढीच. मी उत्तरेकडे बघणार, तर दिवा दक्षिणेकडेच बघणार.

तीन दिवसांचाच प्रश्न आहे. प्लग लावला. कागदही पसरला. कुणी फसवलं नाही, सगळं कळून-सवरून केलं.

१६ डिसेंबर, मंगळवार

आईचं ऑपरेशन नीट झालं. फोनवर म्हणाली, पट्टी काढली की एवढं स्वच्छ दिसणार आहे म्हणतात डॉक्टर, तुझ्या तोंडावरचा मुरूमसुद्धा दिसेल.

आज कागदावर दोन हात.

१८ डिसेंबर, गुरुवार

मी पास झाले. ते आधी लिहिते.

चित्र इतकं स्वच्छ कधीच आलं नव्हतं. पण वर्ग सुरू झाल्यावर थोड्याच वेळात माझ्या लक्षात आलं. एरवी आपण हललो की पडद्यावरचे आपण किंचित उशिराने हलतो. आज उलटं होतं. पडद्यावरच्या तिने ‘ग’चं कार्ड उचललं, मग माझा हात वर गेला. ती हसली, मग माझे गाल ताणले गेले. चेहरा माझाच. कपडे माझेच. फक्त ती मधूनमधून खांद्यावर नसलेला पदर ओढत होती आणि फार जवळ येत होती.

मी तोंड मिटून घेतलं. ती ‘ग गणपतीचा’ म्हणतच राहिली. पोरं तिच्यामागून म्हणत राहिली.

मॅडमनी लिहिलंय, अभिनंदन, किती छान दिसलात, किती आपुलकीने पुढे वाकून बोलता. पत्र उद्या येईल.

आनंद व्हायला हवा होता. मी मोरीत जाऊन रडले.

१९ डिसेंबर, शुक्रवार

दिवा बंद केला. प्लग माझ्या हातात आहे. टेबलावर अंधार. पडद्यावर उजेड आहे.

स्टेशनजवळ रिक्षा मिळाली नाही. तीन रिक्षावाल्यांसमोर उभी राहिले, तिघंही माझ्या मागच्या माणसाला कुठं जायचं विचारत होते. रसिका जिन्यात भेटली. हाक मारली. तिने इकडेतिकडे पाहिलं, अंग चोरलं आणि भरभर वर गेली.

मोरीतला आरसा वाफेने भरला होता. पुसला. परत पुसला. गरम पाणी काढलंच नव्हतं. वाफ आरशावर नाहीये—

२० डिसेंबर, शनिवार

लॅपटॉप मिटला. उघडा होता. पुन्हा मिटला, उशी दाबून बसले. सकाळी टेबलावर उघडा.

दादाला फोन लावला. उचलतो. हॅलो, हॅलो म्हणतो. मी ओरडतेय त्याच्या कानात. रेंज नाही वाटतं, म्हणतो आणि ठेवतो.

मला खाटेच्या ह्या कडेलाच बसावंसं वाटतं. इथून उठलं की पाय — पाय कुठे पडतो तेच समजत नाही. वर काम चालू आहे. जमिनीवर भुकटी. मी दारापर्यंत गेले नि आले. एकही पाऊल नाही.

२१ डिसेंबर, रविवार

आईचा व्हिडिओ कॉल आला. मी उचलला नाही. मी खाटेवर होते.

खुर्ची करकरली. माझ्या आवाजात — अगदी माझ्या — तिने विचारलं, आता दिसतेय का.

आई म्हणाली, अगं, किती स्पष्ट. जन्मात एवढी स्पष्ट दिसली नाहीस.

उद्या येते म्हणाली. दादा सोडायला येणार. मी नको नको म्हणत होते. येऊ नकोस, आई. माझी नोकरी गेली असं समज, घर गेलं असं समज. येऊ नकोस.

खुर्चीतली ती म्हणाली, ये ना. वाट बघतेय. किती वर्षं कुणी आलं नाही.

आई हसली. म्हणाली, वर्षं काय गं, वेडी.

२२ डिसेंबर

बेल. ती उठली खुर्चीतून. पडद्यातून नाही — खुर्चीतून. माझा निळा ड्रेस.

आई दारात. काळा चष्मा. दादा खालूनच गेला. आईने चष्मा काढला, तिचं तोंड दोन्ही हातांत धरलं. माझं तोंड. बघत राहिली. म्हणाली, बारीक झालीस.

मी समोर उभी आहे. आईच्या आणि तिच्या मध्ये. आईचे हात माझ्यातून —

आई घर बघतेय. स्वयंपाकघर बघितलं. खिडकी. छान आहे म्हणाली. मी परत खाटेच्या कडेला आलेय. मग ती खाटेकडे बघून थांबली. माझ्याकडे. सरळ माझ्याकडे. म्हणाली, “त्या कोपऱ्यात काय गं ते धुरकट? अजून डोळ्यात राहिलंय वाटतं.”

ती म्हणाली, थांब हं आई, थेंब घालते.

आईने मान मागे टाकली आहे. पहिला थेंब. धुरकट जायला हवं म्हणतेय. जाईल, ती म्हणतेय, हळूहळू जाईल —

नाही.

सहा तारखेची मेणबत्ती आहे अर्धी. काडी पेटत नाही. बोटं धरत नाहीत. पेटली. कुठं ठेवायची ते रसिकाने सांगितलंय, जीव गेला त्या जागी. इथेच, खाटेच्या कडेशी. उजेड समोरून हवा. दक्षिणेकडे. खाली पीठ, डबा सांडलाय, पुरे तेवढं —

ज्योत सरळ आहे. आईने डोळे उघडले. इकडे बघतेय. आई, पुढे ये, अजून थोडी पुढे, आता दिसतेय का, आई, आता